चार ते सहा, मराठी बंद

घरून काम करणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं, असा ऑफिसात जाणाऱ्यांचा एक गोड गैरसमज आहे. किस्से कँटीनमध्ये घडतात, लिफ्टमध्ये घडतात, घरी फक्त डाळ शिजते, असं त्यांना वाटतं. त्यांना मी एकदा आमच्या घरी बोलावणार आहे. दुपारी चार ते सहा. येताना मराठी मात्र दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवावी लागेल.

किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. दोन खोल्यांत दोन ऑफिसं आणि एक आई असली की ते आपोआप साठतात. ठेवायला जागा नाही, म्हणून सांगायचे.

काळाचौकीला चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. बाहेरची खोली, आतली खोली, मध्ये पडदा. आतल्या खोलीत ओटा, मोरी, माझी आई आणि मी. मी एका विमा कंपनीचं क्लेमचं काम घरून करतो. माझं टेबल म्हणजे पिठाचा मोठा डबा. त्यावर लॅपटॉप ठेवला की उंची अगदी बरोबर येते. बाहेरच्या खोलीत माझी बायको मनाली स्पोकन इंग्लिशचा वर्ग घेते. साधा वर्ग नव्हे हं. फ्रँचायझी!

फ्रँचायझी म्हणजे काय, हे आईला समजावताना मी म्हटलं, “खोली आपली, बाई आपली, पण नियम सगळे त्यांचे.”

आई म्हणाली, “म्हणजे लग्नासारख्याच झाला ता!”

*

नियम तसे बरेच होते, पण त्यातला एक बाकीच्या सगळ्यांना पुरून उरणारा. वर्ग चालू असताना घरात इंग्रजीशिवाय एकही शब्द ऐकू येता कामा नये. कंपनीच्या भाषेत याला ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. कंपनीनं मनालीला एक लॅपटॉप दिलाय. तो चार वाजता आपोआप आवाज रेकॉर्ड करायला लागतो आणि सहाच्या ठोक्याला ‘टिंग’ करून थांबतो. ते रेकॉर्डिंग दक्षिणेत कुठेतरी असलेल्या हेड ऑफिसला जातं. तिथे रेवती मॅडम नावाच्या बाई त्यातला हवा तो तुकडा ऐकतात. परका शब्द सापडला की एक रेड फ्लॅग. वर्षात तीन रेड फ्लॅग झाले की वर्ग बंद!

आता आमच्या घरात परका शब्द कुठला, यावर मतभेद होऊ शकले असते. पण सही करून झाली होती.

मनालीचं सांगायला हवं. ती मराठी माध्यमातली. शीवला एका ऑफिसात अकरा वर्षं नोकरी केली. काम चोख, पण इंग्रजीतला फोन आला की ती रिसीव्हर शेजारच्या टेबलावर द्यायची. एके दिवशी तिनं दिला नाही, स्वतः बोलली. फोन ठेवला तेव्हा मागची दोन टेबलं हसत होती. त्यानंतर ती तिथे फोनवर बोललीच नाही. पुढे ते ऑफिस बंद पडलं, ही घरी बसली, आणि भांडी घासता घासता, कपडे वाळत घालता घालता मोबाइल ऐकून इंग्रजी शिकली. कंपनीची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. ते सर्टिफिकेट बाबांच्या फोटोशेजारी लावलंय, हार तेवढा नाही.

वर्ग गेला तर तिला दुसरी नोकरी मिळेल, त्याचं काही नाही. पण मग फोन पुन्हा शेजारच्या टेबलावर जाईल. हे मला माहीत होतं आणि आईलाही माहीत होतं. म्हणून चार ते सहा आम्ही जीव मुठीत धरून इंग्रजीत राहायचो.

*

आमचे शेजारी कांबळे काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. लिहायला त्यांचं इंग्रजी असं की साहेब लोक त्यांच्याकडून ड्राफ्ट करून घ्यायचे. पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नसे. म्हणून वर्गात पहिलं नाव त्यांनी घातलं. बाकी तेरा विद्यार्थी शाळेतले, चौदावे काका.

आमच्याकडे पाणी चारला येतं. एकदा वर्ग चालू असताना काका गॅलरीतून उशिरा आले, दारात थांबले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट दॅट...”

मनाली खूश! काका बोलत होते! ती म्हणाली, “यस काका, गो ऑन, गो ऑन!”

“...दॅट ऑन माय वे टू द क्लास, इट हॅज कम टू माय काइंड नोटीस...”

“व्हेरी गुड!”

“...दॅट युअर ड्रम, व्हिच इज प्लेस्ड आउटसाइड, इज ओव्हरफ्लोइंग.”

वाक्य संपेपर्यंत पाणी जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर पोचलं होतं. खालच्या बाई शिव्या देत वर आल्या, आमच्या दारावरची ‘इंग्लिश ओन्ली’ पाटी वाचली आणि सहा वाजेपर्यंत गॅलरीत हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. सहाला टिंग झालं आणि मग त्यांनी सुरुवात केली.

*

माझ्यावरही या नियमाचे परिणाम झाले. एरवी माझे साहेब आणि मी मराठीतच बोलतो. चारनंतर त्यांचा फोन आला की मी बदलायचो.

“काय रे सुदेश, जेवलास का?”

“यस सर. आय हॅड माय लंच, सर.”

साहेब हळूच म्हणाले, “रागावलास का माझ्यावर?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातल्या माझ्या मित्राला विचारलं म्हणे, सुदेश दुसरीकडे इंटरव्ह्यू देतोय का?

त्याहून वरचा प्रकार एका मीटिंगमध्ये झाला. आमची व्हिडिओ मीटिंग, नऊ माणसं. बाहेर मनाली पोरांना ‘ऑन, अंडर, बिहाइंड’ शिकवत होती आणि प्रश्नांना सगळ्या वर्गानं एका सुरात उत्तर द्यायचं, असा धडा होता. माझा माइक चालू राहिलेला, हे मला माहीत नाही. साहेबांनी विचारलं, “सुदेश, इज द रिपोर्ट रेडी?”

त्याच क्षणी पडद्यापलीकडून चौदा गळ्यांनी उत्तर आलं, “नो, इट इज नॉट!”

साहेब गडबडले. “देन व्हेअर इज द फाइल?”

“इट इज अंडर द टेबल!”

मी माइक बंद करायला धडपडलो तर कॅमेरा बंद झाला. साहेब म्हणाले, “चला, सुदेशची टीम तरी खरं बोलते!”

*

आता आईकडे येतो.

आई मूळची मालवणकडची. पन्नास वर्षं मुंबईत काढली, पण मालवणीला तिनं धक्का लागू दिलेला नाही. तिचे गुडघे दुखतात. उठताना, बसताना, वाकताना तिच्या तोंडून एकच शब्द निघतो, “आये गो!” बाकीचे लोक ‘आई गं’ म्हणतात तेच हे. दुखणं खरंच मोठं असलं तर पुढे ‘मेलंय’, म्हणजे ‘मेले मी’, लागतं. पण ते क्वचित. नुसतं ‘आये गो’ दिवसातून चाळीस-पन्नास वेळा, हे ठरलेलं.

वर्ग सुरू झाला तेव्हा मनालीनं सगळी तयारी केली होती. भाजीवाल्याची वेळ बदलली, घंटी काढली, मोबाइलची ‘श्री गणेशाय नमः’वाली रिंगटोनसुद्धा बदलली. ‘आये गो’ तिच्या ध्यानातच आलं नाही. घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसं आम्हाला ते ऐकू येत नव्हतं.

पहिल्या महिन्याच्या शेवटी रेवती मॅडमचा मेल आला. मनालीनं वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता खाली बसली.

मेलमध्ये लिहिलं होतं: ‘घरातील एक ज्येष्ठ महिला वारंवार आय गो, आय गो असे म्हणतात. इंग्रजी बोलण्याचा त्यांचा उत्साह कौतुकास्पद आहे. मात्र योग्य रूप आय अ‍ॅम गोइंग असे आहे. कृपया त्यांना मार्गदर्शन करावे.’

खाली एक तळटीप होती: ‘तसेच, त्या जाते म्हणतात, पण जात नाहीत. याचाही खुलासा व्हावा.’

आम्ही कांबळे काकांकडे धावलो. खरं कळवायचं का? काकांनी मेल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “समोरच्यानं जे विचारलेलं नाही, ते आपण होऊन लिहायचं नाही. चौतीस वर्षं नोकरी केली मी याच्यावर.” मग त्यांनी उत्तराचा ड्राफ्ट केला. मराठीत सांगायचं तर असा: ‘आपली सूचना संबंधित व्यक्तीच्या निदर्शनास आणून दिली आहे. सदर व्यक्तीचा जाण्याचा विचार असतो, परंतु गुडघ्यांमुळे ते शक्य होत नाही.’

हेड ऑफिसचं समाधान झालं. पण दर महिन्याच्या रिपोर्टात शेवटची ओळ ठरलेली असायची: ‘आय गो अद्याप चालू.’

*

पहिला रेड फ्लॅग मात्र आईनंच मिळवून दिला. साडेचारला तिला पीठ हवं होतं आणि डब्यावर माझं ऑफिस. मी एका क्लेममध्ये बुडालेलो. तिनं आधी खुणेनं सांगितलं, मग खांद्यावर टिचकी मारली, मग लाटणं दाखवलं. शेवटी तिचा तोल सुटला.

“मेल्या, ऊठ! माका पीठ काढूचा आसा!”

पडद्यापलीकडे मनालीचं वाक्य अर्ध्यावर थांबलेलं मला ऐकू आलं.

हेड ऑफिसला त्या सगळ्या वाक्यातून एकच शब्द नीट सापडला. मेल आला: ‘रेड फ्लॅग क्रमांक एक. शब्द: मेल्या. कृपया अर्थ कळवावा.’

मनाली म्हणाली, “काय लिहू आता? ‘मृत इसम’? विचारतील, कोण वारलं म्हणून!”

काकांनी पुन्हा पेन उघडलं. “‘मेल्या’ इज अ टर्म ऑफ अफेक्शन, जनरली अप्लाइड टू अ लिव्हिंग सन.”

उत्तर आलं: “अफेक्शन नोटेड. फ्लॅग रिमेन्स.”

मनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, काय झालं? मी म्हटलं, रेड फ्लॅग आला.

“म्हणजे लाल बावटो?”

“हो. तसंच.”

बाबा गिरणीत होते. आमच्या भागात लाल बावटा म्हणजे मोर्चा, घोषणा आणि पुढे चालणारी माणसं. आईचा चेहरा उजळला. ती बाहेर जाऊन मनालीला म्हणाली, “मगे रडतंस कित्याक गो? आमच्या टायमाक लाल बावटो बघून माणसां जमा होयत!”

मनाली रडता रडता हसायला लागली. तेवढा एक उपयोग त्या फ्लॅगचा झाला.

*

दुसऱ्या फ्लॅगला मात्र आई जबाबदार नव्हती. त्या दिवशी सगळ्यात शहाणं कोणी वागलं असेल तर तीच.

गणपतीच्या आधीचे दिवस. परळच्या कार्यशाळेतून एका मंडळाची मूर्ती आमच्या गल्लीतून जायची होती. मनालीनं नियमांचं पुस्तक उघडून खात्री करून घेतली होती. ढोल-ताशा ही भाषा नाही, त्यामुळे फ्लॅग नाही. पाच वाजता मिरवणूक आली. खिडक्यांची तावदानं थरथरली, पोरं जागच्या जागी उड्या मारत होती, पण तोंडातून शब्द नाही. मनालीनं बोट ओठांवर धरलेलं.

मग ढोल थांबले. खालून कुणीतरी खड्या आवाजात आरोळी दिली, “गणपती बाप्पाऽऽ!”

“मोरयाऽऽ!”

तेरा पोरं, वर मनाली स्वतः, आणि पडद्याआडून मी! विचार करायला वेळच मिळत नाही हो. ते आतूनच येतं.

आईकडे पाहिलं तर तिनं पदराचा बोळा तोंडात घातला होता. डोळे मिटून हात जोडलेले.

बाहेर कांबळे काका तेवढे शांत बसले होते. संध्याकाळी खुलाशाचा ड्राफ्ट करताना ते म्हणाले, “साक्षीदार म्हणून माझी सही घ्या. आम्ही बौद्ध, मला त्या आरोळीची सवय नाही. संपूर्ण प्रसंगी मी एकटाच नियमात होतो.” आणि पुढे त्यांनी लिहिलं की सदर शब्द हा बोलण्याचा भाग नसून शिंकेप्रमाणे आपोआप झालेली क्रिया आहे.

हेड ऑफिसचं उत्तर: ‘खुलासा वाचला. रेड फ्लॅग क्रमांक दोन.’ आणि त्याखाली: ‘करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी रेवती मॅडम स्वतः वर्गाला भेट देतील.’

म्हणजे आता एक शब्द. एक शब्द चुकला की संपलं.

त्या संध्याकाळी मनाली काही बोलली नाही. इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही. आई तिच्याजवळ जाऊन बसली. बसताना गुडघे दुखले असणार, पण ‘आये गो’ म्हटलं नाही. म्हणाली, “माझ्यापायी तुझो वर्ग बंद पडाचो नाय गो. तू बघ.”

मनाली म्हणाली, “आई, तुमच्यामुळे नाही हो. मोरया तर मीच म्हटलं.”

“देवाचा नाव घेतलंस, ता चलात. माझा काय? माझा नुसता तोंड चालता.”

*

त्यानंतर आई शिकायला लागली. वर्गात नाही, पडद्याआड. ओट्याशी उभी राहून भाजी निवडायची आणि ओठ हलवायची. पहिल्या धड्यातलं ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू’ तिला आठवड्याभरात पाठ झालं. ते कुठे वापरायचं हे कळत नव्हतं, म्हणून ती दुधाची पिशवी फाडतानाही म्हणायची.

मग एकदा बाहेर उद्गारांचा धडा झाला. वॉव, ऊप्स, अलास, ऑच. काकांना ‘अलास’ फार आवडला. पाणी आलं नाही की ते गॅलरीत उभं राहून म्हणायचे, “अलास! नो वॉटर!” आईनं मात्र सहा वाजून टिंग होण्याची वाट पाहिली आणि मला विचारलं, “बाबू, ‘ऑच’ म्हणजे काय रे?”

“म्हणजे तुझं ‘आये गो’.”

“एवढ्याच?”

“एवढंच.”

तिला ते पटेना. “दुखणां एवढा मोठा आणि शब्द एवढोसो!”

पण सराव चालू झाला. खाली बसताना ‘आये’ एवढं तोंडात यायचं, ती ते गिळायची आणि मग ठरवून म्हणायची, “ऑच.” दुखणं आधी येऊन जायचं आणि ऑच मागून यायचं. महिनाभरानं रिपोर्टातली शेवटची ओळ बदलली: ‘आय गो जवळजवळ बंद. सुधारणा समाधानकारक.’

आईला वाचून दाखवलं तेव्हा ती लाजली. पास झाल्यावर मुली लाजतात तशी.

*

रेवती मॅडम आल्या तो शुक्रवार होता. उंच, कडक इस्त्रीची साडी, हातात फाइल. मराठीचं एक अक्षर येत नाही. पावणेचारला सँडल दाराबाहेर काढून त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. चौदाही विद्यार्थी हजर. कांबळे काका पुढच्या रांगेत, नवीन शर्टात. चार वाजले, लॅपटॉप सुरू झाला.

मनालीनं तोंड उघडलं आणि मी आत मोकळा श्वास घेतला. सुंदर बोलत होती. शीवच्या त्या ऑफिसातली दोन टेबलं तिथे असायला हवी होती, असं मला मनापासून वाटलं.

आई आत मॅडमसाठी चहा करत होती. मी तिला खुणेनं म्हटलं होतं, नको. तिनं खुणेनंच म्हटलं, पाहुणी आहे. पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी एकाच कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये, माइक बंद आहे याची तीनदा खात्री केलेली. आईनं उकळत्या चहाचा टोप सांडशीत धरून उचलला. सांडशी निसटली. सगळा चहा तिच्या उजव्या पावलावर.

आईचं तोंड उघडलेलं मला दिसलं. काय येणार ते मला ठाऊक होतं. ‘आये गो’ एक वेळ खपलं असतं, पण यावेळी त्याच्यामागून ‘मेलंय’ येणार होतं, आणि ‘मेलंय’ हे कुठल्याही अंगानं इंग्रजी नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आणि मोठ्या, स्पष्ट आवाजात ती म्हणाली,

“ऑच!”

बाहेरून मॅडमचा आवाज, “हू इज दॅट?”

पोरं एका सुरात, “शी इज ग्रँडमदर!”

“ग्रँडमा, आर यू ऑल राइट?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. हे वाक्य कुठे वापरायचं, ते तिला शेवटी कळलं होतं.

“आय अ‍ॅम फाइन, थँक यू!”

बाहेर टाळ्या पडल्या. मनालीचा आवाज क्षणभर अडखळला, पण तिला वाटलं असणार की आई हौसेनं सराव करतेय. धडा पुढे चालू झाला.

मी उठलो, पडदा सरकवणार तोच आईनं माझा शर्ट मागून धरला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मग लंगडत मोरीत गेली, कठड्यावर बसली आणि पाण्याच्या बादलीत पाऊल बुडवलं. मी शेजारी उकिडवा बसून तांब्यानं पाणी ओतत राहिलो, आवाज होणार नाही असं. दर थोड्या वेळानं ती माझ्याकडे बघून भुवया उडवायची, किती राहिली? मी बोटं दाखवायचो. वीस. पंधरा. दहा. पदराचा बोळा तिच्या तोंडात होता. माझ्या हेडफोनमध्ये साहेब कुठल्याशा क्लेमबद्दल बोलत होते. मला आईचा अभिमान वाटला, आणि आपण सगळे मिळून तिच्याशी हे काय करतोय याची लाजही वाटली. दोन्ही एकदमच वाटलं.

सहाला दोन मिनिटं असताना बाहेर मॅडमनी फाइल मिटली आणि रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवला. करार आणखी दोन वर्षं चालू. शिकवणं उत्तम. आणि एन्व्हायर्नमेंटच्या रकान्यात खास शेरा: या घरातल्या आजींना दुखलंखुपलं तरी त्या इंग्रजीतच उद्गार काढतात. असं घर त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. मनाली रडत हसत थँक यू, थँक यू म्हणत होती. कांबळे काका “आय रिमेन, मॅडम, युअर्स फेथफुली” म्हणत उभे राहिले. मॅडम दाराबाहेर गेल्या आणि सँडल घालू लागल्या.

टिंग.

आईनं तोंडातला बोळा काढला.

“आये गोऽऽऽ! मेलंयऽऽ!”

मॅडम जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या, मागे वळल्या आणि फार प्रेमानं म्हणाल्या,

“नो नो, ग्रँडमा! आय अ‍ॅम गोइंग!”